मस्कतहून आलेली कॅसेट: ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ अजून का टिकून आहे?

पावसाळी_पान

आठवडाभर बेळगावच्या अनगोळात पाऊस हटलेला नाही. शाळेला सुट्टी मिळाली आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीनं तीन दिवस ओळीनं एकच सिनेमा बघितला, १९९१चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. खऱ्या नटांचा २०१७चा नव्हे, चित्रांचा. शापानं श्वापद झालेला राजपुत्र आणि त्याच्या वाड्यात कैदेत आलेली बेल नावाची मुलगी, त्यांची ही गोष्ट.

मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा तिच्याएवढीच होते. काकांनी मस्कतहून कॅसेट आणली होती. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता, गल्लीच्या टोकाला एका घरी होता. दर रविवारी कॅसेट पदरात झाकून आई मला तिथं सोडून यायची. त्या घरची आजी विचारायची, “काय बघूलालीस गे परत परत तेच?” त्या वेळी मला सांगता आलं नव्हतं. आता सांगते.

त्या काळी कुठलाही सिनेमा लावला की मोठी माणसं गाण्याला कॅसेट पुढं पळवायची. या सिनेमात तसं केलं की पुढचं काही कळायचं नाही. पहिलंच गाणं घ्या. बेल पुस्तक घेऊन गावातून चालत जाते. पाववाला, बाजारातल्या बायका, पुस्तकवाला, सगळे आपापली ओळ म्हणतात. पाचेक मिनिटांत आपल्याला कळतं की गावाला ही मुलगी विचित्र वाटते, तिला या गावात राहायचं नाही आणि तो छाती फुगवून चालणारा शिकारी तिच्याशी लग्न करायला टपलेला आहे. नाटकात एक अख्खा प्रवेश लागला असता.

हे काम गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन यांचं. दोघं रंगभूमीवरून आलेले. पात्राला बोलून सांगता येत नाही तेव्हाच त्यानं गावं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ॲशमन त्या वेळी एड्सनं आजारी होते. न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या घराजवळच्या हॉटेलात सिनेमाची मंडळी बैठकांना जायची. मार्च १९९१मध्ये, चाळिसाव्या वर्षी ते गेले. सिनेमा पुरा झालेला त्यांनी बघितला नाही. शेवटी पडद्यावर त्यांच्या नावानं दोन ओळी येतात, जलपरीला (त्यांच्या आधीच्या ‘द लिटल मरमेड’मधल्या) आवाज आणि श्वापदाला आत्मा देणाऱ्या मित्राला. लहानपणी तिथवर कॅसेट कधी गेलीच नाही, आधीच बंद व्हायची. परवा पहिल्यांदा वाचल्या आणि रडले.

आपल्या भागातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. त्यांच्या आधी नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये शकुंतला, दुष्यंत आपलं पद आपण गाऊ लागले. बेल आपली इच्छा डोंगरावर उभी राहून गाते तेव्हा मला तेच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच: हा सिनेमा आठवणींमुळे टिकलेला नाही, बांधणीमुळे टिकलाय. तुम्हाला काय वाटतं?

खानापूररोड

ताई, मनापासून लिहिलंय, पण मला पटलं नाही. खानापुरात आमच्या वडिलांचं कॅसेट लायब्ररीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायचो. मुलं तीच तीच कॅसेट का न्यायची माहितेय? दुकानात मुलांच्या कॅसेटच मोजक्या होत्या. घरात चार कॅसेट असतील तर चारही पाठ होणार. तुमच्या काकांनी दुसरी एखादी आणली असती तर आज तुम्ही तिच्यावर लिहिलं असतं.

आणि सिनेमा काढणाऱ्या डिस्ने कंपनीनंही हे ओळखलं होतं. १९९२च्या ऑक्टोबरात कॅसेट बाजारात आणली आणि काही महिन्यांत विकणं बंद केलं. मग २००२ला डीव्हीडी, तीही परत बंद. २०१०ला ब्लू-रे. जुने सिनेमे तिजोरीत ठेवायचे, दर काही वर्षांनी नव्या आईबापांना विकायचे, हा त्यांचा ठरलेला धंदा होता. मिळत नाही म्हटलं की माणूस धावतो. टिकून राहण्यात त्या टंचाईचा वाटा मोठा आहे आणि तो तुम्ही मोजलेला नाही.

शाळामास्तरीण

मी वेगळ्या बाजूनं बोलते. गाणी उत्तम असतील. गोष्ट काय आहे? बापाला सोडवायला मुलगी स्वतः कैदेत जाते. कैद करणारा ओरडतो, दारं आपटतो, जेवायला आली नाही तर उपाशी ठेवा म्हणतो. मग हळूहळू तो बरा वाटू लागतो आणि शेवटी राजपुत्र निघतो. माझ्या वर्गात पंचवीस मुली आहेत. त्यातल्या कितीतरींच्या घरी आईला हेच ऐकवलेलं असतं: तू गोड वाग, तो सुधारेल.

ही गोष्ट फ्रान्समध्ये १७४०ला मादाम द विल्नव्ह यांनी लिहिली, १७५६ला मादाम द ब्यूमाँ यांनी मुलींसाठी आखूड केली. ओळखदेख नसलेल्या पुरुषाच्या घरी जाणाऱ्या मुलीची भीती कमी करायला अशा गोष्टी उपयोगी पडत. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हे आपल्याकडंही म्हणतातच की. त्या काळच्या मुलींना दुसरी वाट नव्हती, मी त्यांना दोष देत नाही. पण आज सात वर्षांच्या पोरीला तीन दिवस ओळीनं हेच दाखवायचं? कॅसेटची, डीव्हीडीची हीच तर ताकद आहे. थिएटरात एकदा बघितलेलं विसरतं. घरात पन्नास वेळा बघितलेलं अंगात मुरतं.

पावसाळी_पान

बाई, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. म्हणूनच मी काय मुरतं ते नीट बघत होते. पटकथा लिंडा वुल्व्हर्टन यांनी लिहिली. त्यांची बेल वाचणारी आहे, त्या शिकाऱ्याला तोंडावर नाही म्हणते. श्वापद ओरडतं तेव्हा ती गोड वागत नाही, उलट बोलते. त्यानं दम दिला त्या रात्री वचन मोडून घोड्यावर बसून निघून जाते. आणि तो बदलतो त्याची खूण कुठली? तो तिला सोडून देतो. आपला शाप आता फिटणार नाही हे माहीत असून म्हणतो, जा. माझी लेक तिथं दर वेळी गप्प बसते.

खानापूररोड, टंचाईचं बरोबर आहे. पण घरातल्या बाकीच्या तीन कॅसेट मला आज आठवतसुद्धा नाहीत. एक विचारू? दुकानात परत आलेल्या कॅसेटची टेप कुठं झिजलेली असायची?

शहापूरकर

माझा अनुभव सांगतो, मग ठरवा. मामेबहिणीनं अमेरिकेहून हीच कॅसेट पाठवली होती. तिकडच्या टीव्हीच्या चित्राची पद्धत एनटीएससी, आपला टीव्ही पाल या वेगळ्या पद्धतीचा. शेजाऱ्यांचा व्हीसीआर दोन्ही पद्धती वाचायचा, म्हणून आवाज स्वच्छ यायचा. चित्र मात्र काळंपांढरं, आणि खालून वर सरकत राहायचं. तो पिवळा झगा पिवळा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

तरी आम्ही तिघं भावंडं ती कॅसेट लावायचो. बघायला काही नव्हतंच, ऐकायचो. घरात माग होता. वडील धोटा टाकायचे त्या आवाजात आम्ही कान टीव्हीला लावून बसायचो. इंग्रजी धड येत नव्हतं. तरी कोण चांगला, कोण वाईट, कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, हे गाण्यांवरून कळायचं. गावकरी मशाली घेऊन निघतात ते गाणं लागलं की धाकटा भाऊ आईजवळ जाऊन बसायचा. एकही चित्र न दिसता.

म्हणून धागाकर्तीच्या बाजूनं माझं मत. चित्र काढून घेतलं तरी गोष्ट उभी राहते.

निपाणीचा_वाचक

किर्लोस्करांचं नाव निघालं म्हणून लिहितो. किर्लोस्करांनी शाकुंतल मराठीत आणलं. ऐकणाऱ्याच्या भाषेत. शहापूरकर, तुम्हाला शब्द कळत नव्हते आणि तुम्ही त्याला गाण्याचं यश म्हणता. मला त्यात आपलं नुकसान दिसतं. आपली मुलं शाळेत, कचेरीत, एसटीच्या पाटीवर रोज भाषेचा हिशेब करत वाढतात. घर ही एकच जागा अशी की जिथं मराठीसाठी कुणाला अर्ज द्यावा लागत नाही. त्या घरातल्या पडद्यावरही गोष्ट परक्या भाषेत, गाणं परक्या भाषेत. पोर मोठेपणी गुणगुणेल ते काय?

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या थोरवीचं कौतुक करताना आपल्याकडं त्या तोडीचा मुलांचा मराठी गाणारा चित्रपट का नाही, याची कुणाला खंत दिसत नाही, ती मला दुखते.

पावसाळी_पान

दादा, खंत आहे. पण एक आठवण करून देते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्याआधी कर्नाटकातल्या कर्कीहून आलेल्या मंडळींचा खेळ तिथं झाला होता. कानडी खेळ बघून मराठी नाटक सुरू झालं. दुसऱ्याच्या भाषेतलं मन लावून बघितलं म्हणूनच ते झालं ना? माझी लेक शाळेत कानडी बोलते, घरी मराठी, आणि सिनेमातल्या त्या बोलक्या चहाच्या किटलीचं गाणं इंग्रजीत म्हणते. तिन्ही तिचीच आहेत.

निपाणीचा_वाचक

ताई, भाव्यांनी बघितलं आणि केलं. आपण तीस वर्षं नुसतं बघतोय. दाखला माझ्या बाजूचा आहे.

रेघोट्या

मी चित्रकला शिकवतो. सगळे गाण्यांवर बोलताय, रेषेवर कुणीच नाही, म्हणून मध्ये पडतो.

हा सिनेमा सप्टेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात अर्धवट अवस्थेतच दाखवला होता. कुठं पुरं रंगलेलं चित्र, कुठं नुसती पेन्सिल, कुठं स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग आखायची कच्ची चित्रं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. ती अर्धवट प्रत २००२च्या डीव्हीडीवर आहे, मूळ सिनेमा आणि नंतर एक गाणं वाढवलेली आवृत्ती यांच्यासोबत. मी वर्गात पेन्सिलचीच दाखवतो. श्वापदाचं चित्र ग्लेन कीन यांच्या हाताखाली झालं. नुसत्या रेघांमध्ये त्याचे डोळे बघा. एवढं केसाळ धूड, आणि डोळे माणसाचे. मुलं रंगीत चित्रापेक्षा तिथं जास्त वेळ थांबतात.

दिवाणखान्यातला नाच सगळ्यांना आठवतो. तो दिवाणखाना संगणकावर उभारलेला, दोघं मात्र हातानं काढलेली. पाहणारा झुंबराभोवती फिरतो तसा हाती रंगवलेल्या पार्श्वभूमीवर फिरता आला नसता. ऑस्करला उत्कृष्ट चित्रपटाची पाचच नामांकनं असायची तेव्हा, त्यात हा गेला. ॲनिमेशनपट म्हणून पहिलाच. खानापूररोड, ती निवड करणाऱ्यांनी काही लहानपणी कॅसेट घासलेली नव्हती.

खानापूररोड

हे मान्य. आणि ताईंनी टेपचं विचारलं होतं, खरं तेच सांगतो. मारामारीच्या सिनेमांची टेप शेवटच्या वीस मिनिटांत झिजायची. तिथं आडव्या रेघा यायच्या, व्हीसीआरचं हेड सारखं साफ करावं लागायचं. ही कॅसेट आमच्याकडं होती. ती ताटवाट्यांच्या मेजवानीच्या गाण्याला झिजली होती आणि नाचाला. म्हणजे गाण्यालाच. पण हेही सांगतो, मुलांनी गोष्ट मागं घेऊन बघितली नव्हती, तेवढे दोन तुकडे बघितले होते. बांधणी म्हणता ती मोठेपणी दिसते. लहानपणी नाचणारी ताटं दिसतात.

शाळामास्तरीण

माझ्या मुद्द्याला उत्तर अर्धंच मिळालं. ती त्या रात्री निघून गेली, खरं. मग परत का आली? जंगलात लांडगे आले, त्यानं वाचवलं. बाहेर लांडगे आहेत, आत राहिलीस तर सुरक्षित, हे मुलींना आपण वेगळं काय सांगतो? लांडगे नसते तर ती गेलीच असती.

रेघोट्या

बाई, लांडगे पळाल्यानंतरची काही सेकंदं परत बघा. तो बर्फात कोसळलेला आहे. घोडा उभा आहे, वाट मोकळी आहे. ती घोड्याकडं वळते, चढायला जाते आणि थांबते. मागं वळून त्याच्याकडं बघते. मग खांद्यावर पांघरलेला झगा त्याच्या अंगावर घालते. त्या ठिकाणी कुणी एक शब्द बोलत नाही. ती थांबते तेवढ्यात चेहऱ्यावर भीती आहे, चीड आहे, दया आहे. ती निवड तिची आहे. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या थांबण्यावर उभा आहे.

पावसाळी_पान

हे वाचून आज दुपारी तिथंच थांबवलं आणि लेकीला विचारलं, ती का नाही गेली? ती म्हणाली, “तो थंडीनं मरला असता.” मी विचारलं, आणि त्यानं परत ओरडलं तर? तिनं थोडा विचार केला. “मग घोडा हाय की.”

शाळामास्तरीण

हे उत्तर माझ्या वर्गातल्या मुलींना सुचेल का, मला बघायचंय. बापाच्या बदल्यात कैद पत्करण्याबद्दल माझं मत तेच राहील, ते बदललेलं नाही. पण ते झग्याचं दृश्य मी कधी नीट बघितलं नव्हतं, गाण्यांच्या मध्ये निसटून गेलं होतं. तुमच्याकडं ती २००२ची डीव्हीडी आहे का? असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर अनगोळला येऊन नेते. पेन्सिलचीही बघते.

पावसाळी_पान

आहे. या नक्की. चार वाजता लेक घरीच असते, तुमचा प्रश्न तिलाच विचारा.