आयकर रिटर्नची युटिलिटी गुपचूप बदलली, तर बोलायचंही नाही?

चलन२८०
काल इथे एकाने लिहिलं होतं: "अपडेट आलं की गुमान डाउनलोड करा. कराचा आकडा बदलला तर आधीचा चुकीचा होता असं समजा आणि पुढे व्हा. सीए लोकांना नुसती रडायची सवय." दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर.

५ जुलै २०२४ ला आयकर खात्याने युटिलिटी, म्हणजे रिटर्न भरायचं आपलं सॉफ्टवेअर, बदलली. आकारणी वर्ष २०२४-२५, नवी करप्रणाली. प्रमाणित वजावटीनंतर पगार ५,००,००० आणि शेअर विक्रीतला अल्पकालीन नफा (कलम १११ए) १,५०,०००. एकूण साडेसहा लाख, म्हणजे सात लाखांच्या आत. पगारावर कर १०,०००, नफ्यावर १५ टक्क्यांनी २२,५००. त्यातून कलम ८७ए ची (लहान उत्पन्नाला मिळणारी) २५,००० सूट गेली की राहतात ७,५००, सेससकट ७,८००. त्या तारखेनंतरच्या युटिलिटीत हेच आकडे टाका. सूट येते फक्त १०,००० आणि भरायचे २३,४००.

खरी मेख पुढे आहे. ७,८०० देय असताना रक्कम १०,००० च्या खाली, त्यामुळे आगाऊ कराचा संबंधच नव्हता. २३,४०० झाले, टीडीएस कापलेला नसला की आगाऊ कर न भरल्याचं व्याज, कलम २३४बी, लागलं. जुलैअखेर भरलं तरी चार महिन्यांचे ९३६ रुपये व्याज. कायद्याचं एक अक्षर त्या दिवशी बदललेलं नव्हतं. मग करदात्याने मार्चमध्ये आगाऊ कर कशाच्या आधारावर काढायचा होता, जुलैत येणाऱ्या युटिलिटीच्या?

देय-तारीख
ती पोस्ट माझीच. अक्षर बदललं नाही, बरोबर, कारण बदलायची गरज नव्हती. ८७ए चं परंतुक वाचा: एकूण उत्पन्नावर ११५बीएसी(१ए), म्हणजे नव्या प्रणालीच्या कलमाखाली कर लागत असेल तर. आणि (१ए) स्वतःच "या प्रकरणातील तरतुदींच्या अधीन" आहे. १११ए त्याच प्रकरणात आहे, त्याचा दर वेगळा. म्हणजे सूट स्लॅबच्या करापुरतीच. आधीची युटिलिटी चुकीची होती, ती दुरुस्त केली. चूक सुधारली म्हणून बोंब मारणारे पहिल्यांदाच पाहतोय.

चलन२८०
मग ११२ए (शेअरचा दीर्घकालीन नफा) मध्ये पोटकलम (६) घालून "सूट नाही" असं वेगळं का लिहावं लागलं? १११ए मध्ये तसं वाक्य नाही. जुन्या प्रणालीत पाच लाखांच्या आत १११ए च्या करावर सूट तेव्हाही मिळत होती. आणि तुमचा अर्थ इतका स्वच्छ होता, तर २०२५ च्या वित्त कायद्याने ८७ए मध्ये ते स्पष्ट शब्दांत का घालावं लागलं, तेही आकारणी वर्ष २०२६-२७ पासून?

मॅक्रोग्रस्त
कलमांचा कीस नंतर पाडा. एक्सेल युटिलिटी उघडतच नाही, त्याचं काय? २०२२ पासून ऑफिस नेटवरून आलेल्या फायलीतले मॅक्रो, म्हणजे आतले छोटे प्रोग्राम, आपोआप अडवतं. झिप उघडायच्या आधी तिच्यावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, मग एक्स्ट्रॅक्ट. आधी एक्स्ट्रॅक्ट केलं तर आतल्या फाइललाही तोच शिक्का चिकटतो. लिब्रेऑफिसवाल्यांनी तर नादच सोडावा.

जुनीआवृत्ती
मॅक्रोचा विषय निघालाच आहे तर: दर अपडेटआधी जुनी झिप तारीख घालून ठेवा, आणि त्यातून काढलेलं जेसन (पोर्टलवर चढवायची फाइल) सुद्धा. त्यात "क्रिएशन इन्फो" नावाचा भाग असतो. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि जेसन बनवल्याची तारीख दोन्ही त्यात सापडतात. वाद झाला तर तोच पुरावा. जुनं आणि नवं जेसन नोटपॅड++ मध्ये शेजारी लावा, "रिबेट८७ए" हा टॅग, म्हणजे सूट दाखवणारा रकाना, शोधा.

देय-तारीख
पोर्टलवर स्कीमा (जेसनची रचना) बदलाची कागदपत्रं असतात. वाचायचा कंटाळा आणि आरोप गुपचूप केल्याचा!

जुनीआवृत्ती
वाचतो म्हणून सांगतो. त्यात टॅग कुठला वाढला, कुठला अनिवार्य झाला हे कळतं. २५,००० चे १०,००० का झाले, हे टॅगच्या यादीतून कसं कळणार? टॅग तोच, नाव तेच, आतलं गणित वेगळं. म्हणून ठरलेली चार-पाच खोटी प्रकरणं दर अपडेटनंतर चालवून बघावीत. एक वरचं, ५ + १.५ लाखांचं. दुसरं सीमांत सवलतीचं (सात लाखांवर जेवढं उत्पन्न, त्याहून कर जास्त नको), त्याच वर्षाच्या दराने: वजावटीनंतर नुसता पगार ७,१०,०००, कर २६,०००, सूट १६,००० यायला हवी, म्हणजे देय १०,००० आणि सेस ४००. एवढ्यात काही हललं की समजायचं, आत कुणीतरी हात घातलाय.

मॅक्रोग्रस्त
वर्षाला पैसे मोजून खासगी सॉफ्टवेअर घेतलंय. ते "सुधारणा व दुरुस्त्या" एवढंच लिहितं. ती चाचणीही आम्हीच करायची?

जुनीआवृत्ती
करायची. नूतनीकरणाच्या वेळी त्यांना बदलांची लेखी यादी मागा. दिली नाही तर घासाघीस करायला तेवढाच मुद्दा.

देय-तारीख
बाजारभाव संपला असेल तर मूळ मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयाने तरी सूट दिली का? नाही.

चलन२८०
अर्धाच निकाल सांगू नका. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सच्या याचिकेवर २० डिसेंबर २०२४ ला उशिराचं आणि सुधारित रिटर्न भरायची मुदत वाढवायचा अंतरिम आदेश झाला, मग परिपत्रक २१/२०२४ ने निवासी व्यक्तींना १५ जानेवारीपर्यंत वेळ मिळाला. २४ जानेवारी २०२५ च्या निकालात सूट लागू आहे की नाही हा प्रश्न खुला ठेवला, पण युटिलिटीत बदल करून दावा करायची वाटच बंद करता येणार नाही, हे स्पष्ट केलं. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. तुमचा अर्थ बरोबर असेलही. तो अधिकाऱ्याने आदेशात लिहावा, म्हणजे त्यावर अपील करता येतं. कुलूप लावलेल्या रकान्यावर अपील कुठे करायचं?

आणि जानेवारीत काय झालं? आयटीआर-२ आणि ३ च्या एक्सेलमध्ये ८७ए चा आकडा हाताने बदलता यायला लागला. मूळ मुदत ३१ जुलैला संपलेली. बैल गेला अन् झोपा केला.

देय-तारीख
हाताने भरलेल्यांना पुढे मागणीच्या नोटिसा आल्या, ते विसरलात.

चलन२८०
विसरलो नाही. पण ५ जुलैच्या आधी भरलेल्या काहींना सूट मिळून प्रक्रिया पूर्ण झाली होती, त्यांचीही नंतर दुरुस्ती करून मागणी काढली. म्हणून तर १९ सप्टेंबर २०२५ चं परिपत्रक १३/२०२५ आलं: ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरा, मागणी उशिरा भरल्याचं २२०(२) चं व्याज माफ. युटिलिटीने दिलेली सूट युटिलिटीवर विश्वास ठेवणाऱ्याकडूनच परत. "गुमान डाउनलोड करा" हा सल्ला त्यांनीही पाळला होता.

देय-तारीख
ठीक. बदलाची तारीख आणि कारण दोन ओळींत पोर्टलवर टाकायला हवं होतं, एवढं मान्य. कलमाच्या अर्थावर मी तसूभरही हललेलो नाही. आणि ती पोस्ट काढणार नाही.

मॅक्रोग्रस्त
अनब्लॉकची टिक दिसतच नाहीये. कुणी सांगेल का?

जुनीआवृत्ती
एक्स्ट्रॅक्ट केलेल्या फोल्डरवर शोधताय. झिपवर जा.