जुन्या ब्रिटिश गाड्यांचे टॉगल: गोडवा की गळ्यातलं लोढणं?

खटकादार:
परवा इथे एका सदस्याने लिहिलं, की जॅग्वार मार्क २ आणि ई-टाइपच्या टॉगलच्या (बारीक दांडीच्या खटक्यांच्या) रांगेइतकी सोयीची मांडणी पुन्हा कुणाला जमली नाही, आणि १९६८ मध्ये अमेरिकन नियमांनी रॉकर (टोकाला दाबायचे चपटे खटके) लादून तिचं वाटोळं केलं. खाली 'अगदी अगदी'चा पाऊस. देखणी म्हणा, मीही म्हणतो. पण सोयीची? ई-टाइपच्या उजव्या गटात मॅप लाइट (नकाशा वाचायचा आतला दिवा), वायपर, वॉशर ओळीने बसलेत. तिन्ही दांड्या एका मापाच्या. नावं खालच्या पट्टीवर, म्हणजे वाचायला नजर रस्त्यावरून काढायची. रात्रीच्या पावसात वायपरऐवजी मॅप लाइट लागला की समोरच्या काचेत आपलंच थोबाड. शिवाय टक्कर झाली की ती बारीक दांडी गुडघ्यात नाहीतर कपाळात. रॉकर दिसायला कितीही भिकार असला तरी कपाळात घुसत नाही.

अक्रोडी:
मुद्द्याचं तेवढं सोयीस्करपणे गाळलंत. दिव्यांचा स्विच त्या रांगेत आहे कुठे? तो वर मधोमध, मीटरच्या ओळीत, गोल फिरवायचा. स्टार्टरचं दाबायचं बटण. जिथे चूक परवडत नाही तिथे आकार वेगळा ठेवलाय. उरलेल्या टॉगलची जागा हाताला आठवड्यात पाठ होते. आजच्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला पडद्यावर तीन वेळा बोट आपटावं लागतं, त्यावर कुणी धागा काढत नाही.

खटकादार:
आणि डिपर, हेडलाइटचा झोत वर-खाली करायचा खटका? मार्क २ ला पायाखाली, ई-टाइपला डॅशवरची दांडी. तो स्टिअरिंगलगतच्या दांडीवर असता तर हात सोडायची गरज नव्हती. ही तुमची 'परवडत नाही'वाली मांडणी. पडद्याबद्दल सहमत, पण तो वेगळा धागा.

मिनीमामा:
जॅग्वारवाले जॅग्वारचंच उगाळणार. १९५९ ची मिनी घ्या. तिचा रचनाकार इसिगोनिसने स्पीडोमीटर मधोमध टाकला, त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही स्टिअरिंगला एकच डॅश चालला. खाली मध्ये किल्ली, दोन बाजूंना दोन टॉगल: दिवे आणि वायपर. संपलं. पट्टा आवळून बसलं की हात पोचत नाही हे खरं. म्हणून तर टॉगलवर चढवायच्या लांब टोप्या बाजारात आल्या. २००१ च्या बीएमडब्ल्यूवाल्या मिनीने पुन्हा टॉगलच लावले, फक्त मध्ये संरक्षक कड्या घालून. कपाळाचा प्रश्न मिटला की नाही?

वायरमन:
दिसण्यावर भांडताय, आतून जळतंय त्याचं काय? या गाड्यांत हेडलाइटला रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा खटका) नाही. ६०/४५ वॅटचे दोन सीलबीम (काच आणि बल्ब एकसंध असलेले दिवे), अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. ते सगळे डॅशवरच्या स्विचमधून, मग डिपरमधून, मग वायरींच्या डझनभर जोडांमधून (बुलेट कनेक्टर). प्रत्येक जागी थोडे व्होल्ट गळतात. १२ च्या जागी १०.५ पोचले तर उजेड एक तृतीयांशाने घटतो. मग लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून वायरिंग बनवणाऱ्या लुकास कंपनीला शिव्या घालतात.

मीटर २० व्होल्टवर ठेवा, दिवे लावा, एक टोक बॅटरीच्या जिवंत खुंटीवर, दुसरं हेडलाइटच्या पिनेवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर काम काढा. मग मीटर बल्बची अर्थ (गाडीच्या धातूला जाणारी वायर) आणि बॅटरीची अर्थ यांमध्येही लावून बघा. निम्मा चोर तिथेच सापडतो.

उपाय: दोन रिले, डिपरच्या पुढे. रिलेच्या पिनांवर आकडे असतात, तेच खाली देतो. निळी-पांढरी (अप्पर) एकाच्या ८६ ला, निळी-लाल (खालचा झोत) दुसऱ्याच्या ८६ ला. दोन्ही ८५ काळ्या वायरने अर्थला. ३० ला ४ चौरस मिलिमीटरची जाड वायर, प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज. ८७ दिव्यांना. डॅशवरच्या स्विचला हेडलाइटचा अर्धा अँपिअरही उरत नाही. मग शंभर वर्षं टॉगल खटखटवा.

धनभारित:
'काळी अर्थला' लिहून मोकळे झालात. ३.८ लिटर इंजिनाच्या ई-टाइपला आणि मार्क २ ला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या धातूला. आत डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग) असलेला रिले तसाच लावला की पहिल्याच खटक्याला डायोड गेला. साध्या कॉइलचा किंवा रेझिस्टरवाला घ्या, त्याला दिशा कळत नाही. आणि ज्यांना पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे इंग्रजांचा वेडेपणा वाटतो त्यांनी…

वायरमन:
आलं तुमचं गाडं पॉझिटिव्ह अर्थवर! डायोडचा मुद्दा मान्य, लिहायला हवा होता. बाकीचं पुराण नको.

धनभारित:
पुराण नाही, आग लागते तेव्हा कळतं. ती जाड वायर कुठून घेताय ते लिहिलंच नाही. स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून, जिथे बॅटरीची वायर येते? मग दिव्यांचा प्रवाह अ‍ॅमीटरला (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरला) वळसा घालणार. बॅटरी भरणारा डायनॅमो चालू असताना दिव्यांकडे जाणारे १० अँपिअर अ‍ॅमीटर 'चार्जिंग' म्हणून दाखवणार, आणि बॅटरी भरतेय समजून मालक खूश. अ‍ॅमीटरच्या डायनॅमोकडच्या अंगाची वायर धरा.

वायरमन:
हे बरोबर. खवचटपणे सांगितलंत, पण बरोबर.

एक भर घालतो. मार्क २ आणि ई-टाइपचं मधलं पॅनल वरचे दोन गोल स्क्रू हाताने सोडले की बिजागरीवर पुढे झुकतं. फार सुंदर सोय, आणि त्यात अनेक जण हात भाजून घेतात. मागे अ‍ॅमीटरच्या खुंट्या उघड्या, तपकिरी वायर, मध्ये एकही फ्यूज नाही. पॅनल झुकताना खुंटी धातूला टेकली तर वायरिंग धुमसतं. आधी बॅटरीची अर्थ काढा, मग स्क्रू.

अक्रोडी:
धाग्याचा विषय काय आणि चाललंय काय! गोडव्यावर बोलायचं होतं. टॉगलची खाचवाली क्रोम रिंग पक्कडीने फिरवणाऱ्यांना आधी आवरा. दोन खुंट्यांचा पाना घ्या, नाहीतर जुन्या पत्र्याचा घासून बनवा. आणि लाकूड! अक्रोडाचं व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. लॅकर तडकलं म्हणून सँडर फिरवलात की पलीकडे प्लाय. लॅकर गरम हवेने मऊ करून पातीने खरवडायचं. मागची बाजू बहुधा कोरीच असते, मुंबईच्या पावसाळ्यात ती कडेने दमट हवा पिते आणि व्हिनियर उचलतं. पुढे दहा हात देणारे मागे एक हात देत नाहीत.

मिनीमामा:
मिनीला हा प्रश्नच नाही. हलके घ्या.

खटकादार:
लाकडाचं मान्य, तिथे रॉकरवाली मंडळी तोंड उघडू शकत नाहीत. पण माझ्या वायपर-मॅप लाइटच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही.

धनभारित:
मॅप लाइटचा बल्ब काढून ठेवा.

खटकादार:
म्हणजे सोयीची मांडणी असते ती एक बल्ब काढल्यावर. धन्यवाद, हेच म्हणत होतो.

वायरमन:
बल्ब काढलात तर होल्डरला टेप गुंडाळा, मधली पिन जिवंत असू शकते. आणि रिले बसवायचेच तर कंट्रोल बॉक्सजवळ (डायनॅमोच्या नियंत्रकाजवळ) लपवा, नाहीतर अक्रोडींना बॉनेट उघडल्यावर झोप लागायची नाही.

अक्रोडी:
लपवा. पण वायर काळ्या प्लॅस्टिक नळीत नको, कापडी वेणीची घ्या.