मित्र पांगले, मोहीम अर्धी राहिली : ऑनलाइन रोलप्लेइंगमध्ये टेबलावरची रंगत कशी टिकवावी?

कंदील_आणि_दोर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा गट बरीच वर्षे एका टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स या, एकेक पात्र वठवत कथा पुढे नेण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळत होता आणि गेम मास्टर, म्हणजे प्रसंग रंगवून सांगणारा, मीच असे. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने सगळे पांगले आणि आता आम्ही तीन वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये राहतो. मोहीम अर्ध्यावर सोडण्याची कोणाचीच तयारी नसल्याने डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बोलत आणि रोल ट्वेंटी या संकेतस्थळावर नकाशे मांडत आम्ही खेळ पुन्हा सुरू केला. आतापर्यंत चार सत्रे झाली आणि चारही वेळा लॅपटॉप मिटताना मला एकच रुखरुख लागून राहिली.

पूर्वी मी "दारापलीकडून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो" एवढे म्हटले, की कोणी तलवारीला हात घालायचे, कोणी शेजाऱ्याच्या कानाशी लागायचे आणि कोणी नुसतेच खुर्चीत पुढे सरकून बसायचे. आता तेच वाक्य म्हटले, की काही सेकंद शांतता पसरते, मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, "तू बोल", "नाही, तू बोल" असे चालते आणि तोवर त्या दाराची भीती पार विरून गेलेली असते. चोराची भूमिका करणारी मैत्रीण आमच्या टेबलाचा प्राण होती. गेल्या सत्रात साडेतीन तासांत ती मोजून चार वाक्ये बोलली. नकाशे तयार करण्यात माझ्या दोन-दोन संध्याकाळी जातात, तरीही ही स्थिती आहे.

नकाशे मांडण्याचे फाउंड्रीसारखे अधिक समर्थ साधन घेतले तर फरक पडेल का? कॅमेरे सर्वांना सक्तीचे करावेत का?

तिसरा_पहारा

तुमचे वर्णन वाचून मला पाणी कुठे मुरते आहे ते नकाशात नव्हे, आवाजात दिसते. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर साधारण २०० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुढचा माणूस बोलू लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर बहुतेक वेळा उशीर जाणवत नाही असे म्हटले आहे; त्यापुढे संभाषणाची लय बिघडू लागते. दूर अंतरावरचे कनेक्शन, वायफाय आणि ब्लूटूथ हेडफोन यांचा उशीर एकत्र आला, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि दोघांनाही आपणच आधी बोललो असे प्रामाणिकपणे वाटते. म्हणून पहिली गोष्ट अशी करा, की सर्वांना तारेचे हेडफोन वापरायला सांगा. कोणी स्पीकरवर ऐकत असेल, तर प्रतिध्वनी काढून टाकण्याच्या नादात सॉफ्टवेअर एकाच वेळी बोलणाऱ्यांपैकी एकाचा आवाज अक्षरशः गिळून टाकते.

मात्र याहून मोठी बाब निराळीच आहे. टेबलाभोवती एका वेळी दोन-तीन संभाषणे सुखाने चालतात. तुम्ही एकाशी बोलत असता आणि दुसऱ्या टोकाला दोघे कुजबुजत बेत आखत असतात. व्हॉइस चॅनेलवर वाट एकच असते. जो बोलतो, तो सर्वांची वाट अडवून बोलतो आणि संकोची किंवा विचारी माणसाला तेवढा अधिकार गाजवणे नको वाटते. माझा अंदाज असा, की तुमची मैत्रीण टेबलावर तुमच्याशी कमी आणि शेजारच्याशी अधिक बोलत असावी. तिचा खेळ त्या कुजबुजीत होता आणि नेमकी तीच आता उरलेली नाही.

म्हणून "तुम्ही काय करता?" हा सर्वांना मिळून विचारलेला प्रश्न ऑनलाइन खेळातून काढून टाका. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी एका पात्राला नावाने हाक मारा आणि त्याच्यापुढे काहीतरी ठोस ठेवा : कडीवर तुझा हात आहे, लोखंड गार लागते आहे आणि खरवडणे नुकतेच थांबले आहे, तू कडी उघडतोस की हात मागे घेतोस? मी तर लढाई नसतानाही पानावर चौघांची नावे लिहून कोणाला किती वेळा विचारले त्याच्या रेघा ओढतो. शिवाय लेखी चॅनेल उघडे ठेवा आणि खाजगी निरोप भरभरून वापरा. जी माहिती फक्त तुमच्या मैत्रिणीलाच ठाऊक आहे ती सांगण्यासाठी तिला बोलावेच लागेल, आणि त्या क्षणी सगळे तिची वाट पाहत असतील.

चौकोनी_नकाशा

साधनांपुरते सांगतो. फाउंड्रीचा परवाना फक्त गेम मास्टरला आणि एकदाच विकत घ्यावा लागतो, बाकीचे ब्राउझरमधून येतात. परंतु सर्व्हर तुम्हालाच चालवावा लागतो, म्हणजे राउटरवर पोर्ट उघडणे किंवा होस्टिंगची सोय करणे आले. ज्याच्या दोन संध्याकाळी आधीच नकाशात जात आहेत, त्याने आणखी एक यंत्रणा अंगावर घ्यावी असे मला वाटत नाही. आउलबेअर रोडिओसारख्या साध्या साधनात चित्र टाकले, टोकन (पात्राची सोंगटी) ठेवले आणि लिंक पाठवली, की काम भागते.

त्याहूनही आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : या प्रसंगात कोण कुठे उभे आहे याने निकाल बदलतो का? फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या २० फूट आणि नकाशावरचा प्रत्येक चौकोन ५ फुटांचा, त्यामुळे तिथे चौकोन मोजावेच लागतात. वाटाघाटी, पाठलाग, पडक्या मंदिरातली शोधाशोध यांना एक चित्र आणि चार वाक्ये पुरतात. नकाशा समोर असला, की खेळाडू वर्णन ऐकण्याऐवजी टोकन सरकवू लागतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

फासे ज्याने त्याने आपल्या घरी खरेखुरे टाकावेत आणि आकडा सांगावा, असे माझे मत आहे. ते हातात खुळखुळवण्याचे सुख क्लिक करण्यात नाही.

विसावी_बाजू

फाशांबाबत मी असहमत आहे. प्रश्न विश्वासाचा नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी टेबलावरचे सगळे डोळे एकाच वीस बाजूंच्या फाशावर खिळलेले असत आणि १ की २० हे सर्वांना एकाच वेळी कळत असे. आकडा नंतर ऐकून कळला, तर तो क्षण एकट्या फासा टाकणाऱ्याचा होतो. म्हणून निदान निर्णायक फासे तरी सर्वांना दिसतील असे पडद्यावर टाकावेत.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका, ज्याला हवा तो लावील. पण चेहरे दिसत नसतील, तर एखादा प्रसंग कोणाला असह्य होतो आहे हे तुमच्या ध्यानात येणार नाही. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी मांडलेले एक्स कार्ड ऑनलाइन वापरणे अगदी सोपे आहे : चॅटमध्ये कोणीही फक्त "एक्स" टाइप करावे आणि गेम मास्टरने कारण न विचारता प्रसंग वळवावा.

साडेतीन तास मात्र फार होतात. आमच्याकडे अडीच तास आणि मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती, ज्यात सर्वांनी पडद्यापासून उठायचेच, असा नियम आहे. सत्राची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) लिहून ठेवा, कारण काही देशांत घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात आणि तीही सर्वत्र एकाच तारखेला नव्हे. अशाच एका आठवड्यात आमचे दोन जण तासभर रिकाम्या चॅनेलमध्ये बसून राहिले होते.

कंदील_आणि_दोर

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये दोन सत्रे झाली, म्हणून परत लिहीत आहे. नवे साधन घेतले नाही. नकाशा एकाच लढाईसाठी काढला.

सत्राआधी मैत्रिणीला खाजगी निरोप पाठवला होता : चौकटीवर कोरलेली खूण तुझ्या जुन्या टोळीची आहे आणि ती बाकी कोणालाही ओळखता येणार नाही. दारापाशी पोहोचल्यावर तिच्या पात्राला हाक मारली आणि, जिवावर आले तरी, गप्प बसलो. थोड्या वेळाने ती पुरोहिताला म्हणाली, "दिवा विझव आणि माझ्या मागे ये. कारण आत्ता विचारू नकोस." पुढचा अर्धा तास मला जवळपास बोलावेच लागले नाही. नंतर तिने सांगितले, की आपण बोललो तर दुसऱ्याचे तुटेल या धास्तीने ती इतके दिवस माइक म्यूट करून बसत होती.

मांत्रिकाची भूमिका करणाऱ्या मित्राचा आवाज तारेचा हेडफोन लावूनही उशिराच पोहोचतो, त्याचे कनेक्शनच तसे आहे. पुढच्या सत्रापासून प्रत्येक प्रसंगात पहिला प्रश्न त्यालाच विचारणार आहे, म्हणजे त्याला कोणाचे बोलणे तोडून मध्ये शिरावे लागणार नाही.