‘द डिपार्टेड’ वि. ‘इन्फर्नल अफेअर्स’: कच्चा खर्डा म्हणे!

खवट: काल एकाने लिहिलं की हाँगकाँगचा ‘इन्फर्नल अफेअर्स’ (२००२) म्हणजे कच्चा खर्डा, हॉलिवूडच्या मार्टिन स्कॉर्सेसीने २००६ मध्ये ‘द डिपार्टेड’ हा रीमेक काढून तो पक्का केला. डोकंच फिरलं. मूळ सिनेमा १०१ मिनिटांत आटपतो, रीमेकला १५१ लागली. जादा वेळात आलं काय? शिव्या! मूळात पोलिसात घुसलेला गुंड आणि टोळीत घुसलेला पोलीस स्पीकर-अँप्लिफायरच्या दुकानात शेजारी बसून गाणं ऐकतात. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. असा एक प्रसंग रीमेकमध्ये दाखवा.

रात्रपाळी: दाखवतो की. टोळीचा बॉस कॉस्टेलोच एफबीआयचा खबऱ्या निघतो तो प्रसंग. बॉस्टनचा खराखुरा गुंड व्हायटी बल्जर, त्याच्यावरून उचललंय ते. तिथे पोलिसात घुसलेल्या मॅट डेमनच्या पायाखालची जमीन सरकते. मूळात तीच भूमिका करणारा अँडी लाऊ बॉसला गोळी घालतो ती का, तर म्हणे त्याला आता चांगलं व्हायचंय. एवढ्यावर?

खवट: एवढ्यावरच तर सिनेमा उभा आहे! गच्चीवरचा प्रसंग बघितलात की तेव्हा मोबाइल चाळत होतात?

आडमुठा: मी मूळ सिनेमा अर्ध्यात सोडला. पांढऱ्या शर्टावर पांढरी सबटायटल्स. वाचायचं की बघायचं?

खवट: म्हणजे अर्धा बघून मत द्यायला आलात. धन्य!

निवांत: आडमुठ्यांशी सहमत. माझे वडील भराभर वाचू शकत नाहीत, त्यांना डब केलेलंच लावून द्यावं लागतं. सबटायटलवाल्यांना उगाच माज असतो.

रात्रपाळी: डबिंग? टोळीत घुसलेला पोलीस झालेल्या टोनी लिऊंगच्या तोंडी भलताच आवाज? त्यापेक्षा आवाज बंद करून बघा.

निवांत: वडिलांना सांगतो तसं. तुमचा नंबर द्या, तेच बोलतील.

आडमुठा: पिवळ्या अक्षरांना काळी किनार द्यायला कुणाचं काय जातं? वर्षानुवर्षं बोंबलतोय.

खवट: अहो, विषय काय, चाललंय काय! ऑस्करच्या सोहळ्यात उद्घोषकाने मूळ सिनेमा चक्क जपानी ठरवला होता, तुम्ही त्याच पंगतीतले. आणि शेवट? मूळात लाऊ सुटतो आणि जन्मभर त्यातच जळतो. रीमेकमध्ये पोलीस झालेला मार्क वॉलबर्ग बुटांवर आवरणं चढवून येतो आणि डेमनला ठार करतो. हिशोब चुकता, प्रेक्षक खूश.

रात्रपाळी: मुख्य भूमीवरच्या चीनसाठी मूळवाल्यांनीच वेगळा शेवट केला होता. लिफ्टमधून बाहेर येताच अटक. तो कुणाला खूश करायला?

खवट: ती सेन्सॉरची सक्ती. स्कॉर्सेसीच्या मानेवर कोण बसलं होतं? वर शेवटी कठड्यावरून उंदीर पळवला, इंग्रजीत उंदीर म्हणजे गद्दार, कुणाला कळलं नसेल तर!

रात्रपाळी: उंदीर भिकार आहे. घ्या, दिला तुम्हाला. बाकी एक इंच मागे सरकणार नाही.

नवखी: दोन्ही शेवट फोडलेत. आज रात्री बघणार होते. आभारी आहे.

आडमुठा: सबटायटल्सचा रंग बदलता येतो का, तेवढं बघून सांगा.