सीडर रॅपिड्सला सीरियन लोक इतक्या आधी कसे काय पोचले?

मक्यातली_मेघना
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आयोवातल्या सीडर रॅपिड्सला आलोय. गाव तसं लहानच, सव्वा-दीड लाख वस्ती, मधोमध क्वेकर ओट्सचा अवाढव्य कारखाना आणि गावाबाहेर पडलं की नुसता मका. परवा चालायला गेले तर एका साध्या गल्लीत पांढरं लाकडी घर दिसलं, खेडेगावातल्या शाळेसारखं, फक्त दारावर छोटा हिरवा घुमट. पाटी बघते तर मशीद, तीही १९३४ची! शेजारीण म्हणाली सीरियन लोकांनी बांधली. न्यूयॉर्क, डेट्रॉइट वगैरे समजू शकते पण इथे? ना समुद्र ना बंदर. कुणाला काही माहिती?

जुना_खोडरबर
ही सगळी फेरीवाल्यांची करामत. १८८०-९० पासून हे लोक अमेरिकेत यायला लागले, तेव्हा तो सगळा भाग ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्यात होता आणि आजचा लेबनॉनही सीरियातच धरायचे, त्यामुळे तुमच्या गावातल्या बऱ्याच 'सीरियन' घराण्यांचं मूळ आजच्या लेबनॉनमध्ये निघेल. रेशमाचा धंदा बसला, जमिनी पुरेनात, १९०९ नंतर ख्रिश्चन पोरांनाही सैन्यात सक्तीने भरती करायला लागले, मग कोण थांबतंय. सुरुवातीला आलेले बहुतेक ख्रिश्चनच, मुसलमान जरा मागून आले, लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यातून वगैरे.

आता मका. शेतं लांब लांब, दुकान दहा-पंधरा मैलांवर, मोटार अजून घरोघरी आलेली नाही. अशा ठिकाणी पाठीवर गाठोडं घेऊन दारात येणारा माणूस म्हणजे चालतंबोलतं दुकान. सुया, दोरे, बटणं, लेस, फण्या, रुमाल. गिऱ्हाईक म्हणजे शेतकऱ्याची बायको. इंग्रजी चार शब्द आलं तरी भागायचं, गाठोडं सोडून पसरलं की माल स्वतःच बोलतो. रात्र झाली तर त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात नाहीतर स्वयंपाकघरात पथारी. माल भरायचा आपल्याच गाववाल्या ठोक व्यापाऱ्याकडून, तोही उधारीवर, फेरी संपली की हिशेब. त्यामुळे जिथे असा एखादा व्यापारी बसला तिथे त्याचे भाऊ, मेहुणे, चुलते येऊन टेकले. पैसे साठले की आधी घोडागाडी, मग किराणा दुकान. त्यांच्यातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं सेंट जॉर्ज चर्चही तुमच्या गावात आहे, १९१४चं, मशिदीच्या वीस वर्षं आधीचं. तेही बघा, सगळे मशीद बघून परत फिरतात.

विदर्भ_एक्सप्रेस
+१. फक्त एक, त्या मशिदीला लोक सरसकट 'अमेरिकेतली पहिली मशीद' म्हणतात ते बरोबर नाही. नॉर्थ डकोटातल्या रॉस गावच्या सीरियन शेतकऱ्यांनी १९२९लाच बांधली होती, पण ती १९७०च्या दशकाच्या शेवटी पाडली. मशीद म्हणूनच बांधलेली आणि अजून उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत, असं म्हणा, मग भांडण नाही. आणि उभी आहे हेही नशीबच. १९७१ला नवीन मोठं सेंटर झाल्यावर ही विकून टाकली, मधे तिथे पेंटेकोस्टल पंथाचं ख्रिश्चन चर्चसुद्धा भरायचं, मग नुसती पडीक. १९९०च्या सुमारास मुस्लिम संस्थेने परत विकत घेऊन डागडुजी केली. २००८च्या पुरात तळघर बुडालं त्यात जुनी कागदपत्रं गेली, ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

कोर्टकचेरी_काका
आपल्याकडच्यांनी एक लक्षात ठेवण्यासारखं. तेव्हा नागरिकत्व 'गोऱ्या' माणसालाच किंवा आफ्रिकन वंशाच्याच, त्यामुळे सीरियन गोरे की आशियाई यावर कोर्टात बरीच वर्षं घोळ चालला. १९१५ला जॉर्ज डाऊ या सीरियन माणसाच्या केसमध्ये अपील कोर्टाने गोरे ठरवलं आणि ते सुटले. आठ वर्षांनी पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांची केस सुप्रीम कोर्टात गेली तर भारतीय माणूस गोरा नाही असा निकाल, आणि आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घेतली. म्हणजे सीरियन किराणावाला सीडर रॅपिड्समध्ये मतदार झाला त्या काळात आपला माणूस कायद्याने परकाच. अर्थात देशवार कोटा ठरवणाऱ्या १९२४च्या कायद्याने सीरियन लोकांचंही दार जवळपास बंदच केलं, वर्षाला शंभरेक माणसं फक्त.

मक्यातली_मेघना
बापरे, थिंदचं नाव ऐकलं होतं पण हे असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. दार बंद झाल्यावर मग हा समाज वाढला कसा?

विदर्भ_एक्सप्रेस
इथेच जन्मलेली पिढी. त्यातले अब्दल्ला इग्राम तुमच्याच गावचे, दुसऱ्या महायुद्धात लढले. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचं अक्षर प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू एवढ्यांसाठीच, मुसलमानाला काही नाही. मेला तर दफन कुठल्या रीतीने करायचं? नंतर त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना पत्र लिहिलं. १९५२ला सीडर रॅपिड्समध्ये अमेरिका-कॅनडातल्या मुसलमानांचं संमेलन भरवलं, चारशेच्या आसपास लोक आले, त्यातूनच पुढे देशव्यापी फेडरेशन झालं. किराणावाल्यांच्या गावात, बघा.

जुना_खोडरबर
मेघनाताई, खोलात जायचं असेल तर लायब्ररीत जुनी जनगणना मिळते. पण १९१०ची बघताना जन्मस्थान नुसतं 'सीरिया' शोधू नका, पुष्कळांपुढे 'तुर्कस्तान' लिहिलंय. आडनावांचं स्पेलिंगही नोंदणाऱ्याच्या कानाला जसं पडलं तसं. त्यापेक्षा धंद्याच्या रकान्यात फेरीवाला, किराणा असं बघत जा, लवकर सापडतील.