लेहऱ्याला कंटाळत नाही, मग याला का?

'तोच तुकडा वीस मिनिटं वाजवायचा, यात कसली कला?' असं तुम्ही मिनिमलिस्ट संगीताबद्दल, म्हणजे छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलत नेणाऱ्या पाश्चात्त्य संगीताबद्दल, विचारलंय. अहो, तुकडा तोच असला तरी त्याची जागा सरकत असते. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशचं 'पियानो फेज' (1967) घ्या. एक वादक 12 सुरांचा तुकडा सुरू करतो, दुसरा हळूच त्याच्या जोडीनं तोच तुकडा धरतो. मग त्यातला एक जण लय कणभर वाढवतो. मधे नुसता गलका, आणि तो बरोबर एक सूर पुढं जाऊन बसला की दोघांपैकी कुणीच न वाजवलेल्या चाली ऐकू यायला लागतात. कान त्या शोधत राहतो, तंद्री लागते ती तिथं.

आपल्या कोल्हापुरात देवल क्लब या संगीतसंस्थेत तबला सोलो ऐकताना पेटीवरच्या लेहऱ्याला, म्हणजे तालाच्या मापाच्या त्याच त्या सुरावटीला, कोण कंटाळतंय सांगा! फरक इतकाच, की इथं लेहरा जागचा हलत नाही.

याच पठडीतला अमेरिकी संगीतकार टेरी रायली पुढं किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडं शिकला, हे खरं. पण त्याची गाजलेली रचना 'इन सी' त्याआधीची, 1964 ची. त्यामुळं या संगीताचं सगळं श्रेय आपल्या शास्त्रीय संगीताकडं ओढू नका, राव.

आणि हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा. सुरुवातीला चिडचिड होणारच.