मदत हवी आहे: आईंना उठवता-बसवता माझीच कंबर धरली आहे

माझ्या सासूबाईंना मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलतात, सगळं समजतं. त्यांचं वजन ६२ किलो, माझं ५४. सकाळी साडेआठ ते रात्री आठ घरात आम्ही दोघीच. दिवसातून सहा-सात वेळा पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर न्यायचं आणि परत आणायचं. शिवाय पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. ती मी कधीच चुकवत नाही.

गेले तीन आठवडे सकाळी उठताना आधी कुशीवर वळून, हाताने रेटा दिल्यावरच मला बसता येतं. बादली उचलली की कळ येते. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, पंजांची ताकद पाहिली. स्नायू आखडलेत, एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं आणि 'वजन उचलू नका' म्हणाले. आईंना न उचलून कसं चालेल?

सध्या मी समोर उभी राहते, त्या डावा हात माझ्या गळ्यात टाकतात, मी काखेत हात घालून उचलते आणि वळते. वळतानाच कळ जाते. खुर्ची पलंगाच्या उशाकडे असते. ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा, यात काय बदलू? माझ्या कंबरेला पट्टा दिवसभर लावू का? संध्याकाळचं चालणं बंद केलंय, ते बरोबर आहे ना?

प्रतिसाद १
ताई, माझ्या वडिलांचं दोन वर्षं केलं. आधी गळ्यातला हात बंद करा, सगळा भार तुमच्या मानेवर आणि कंबरेवर येतो. काखेतूनही ओढू नका, लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो. सर्जिकलच्या दुकानात रुग्णाच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो धरा. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला, पलंगाला चिकटून तिरकी ठेवा. चाकं असतील तर लॉक करा. परत येताना खुर्ची फिरवा, म्हणजे पलंग डावीकडे येईल. त्यांना काठावर आणा, पावलं जमिनीवर नीट टेकवा, पुढे झुकायला सांगा. त्यांच्या उजव्या गुडघ्याला तुमचा गुडघा अडवा आणि 'एक, दोन, तीन' म्हणत दोघींनी जोर लावा. वळताना कंबर पिळू नका, पावलं टाका. कूस बदलायला खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर आडवी घाला आणि ती ओढा. एकदा फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून हे सगळं त्यांच्यासमोर करून बघाच.

प्रतिसाद २
कंबरपट्टा दिवसभर नको, उचलण्याच्या कामापुरता आणि थोडेच दिवस. चालणं मात्र आजच सुरू करा, पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. दुखणं पायात उतरलं, पाऊल लटकं पडू लागलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज खुर्ची उशाकडून पायथ्याकडे आणली. आईंनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि जवळजवळ स्वतःच उठल्या. त्यांनाही जोर लावता येतो, हे मला चार महिन्यांत कळलंच नव्हतं. आमचा पलंग फार बुटका आहे, कूस बदलताना खूप वाकावं लागतं. उंची कमी-जास्त होणारी कॉट भाड्याने घेताना काय पाहावं?